४५ कोटी वर्षांची धोक्याची घंटा

‘व्हायरल’चा पहिला दिवस बहुतेकांच्या ओळखीचा असतो. घसा अजून पुरता धरलेला नसतो, खोकला सुरू व्हायचा असतो. पण अंग मात्र कुटून काढल्यासारखे दुखत असते. डोळे जड होतात, थंडी वाजते, जेवणावरची वासना उडते. या अवस्थेचा सारा दोष आपण विषाणूला देतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा शरीराच्या स्वतःच्या बंदोबस्ताचा असतो. विषाणू शिरल्याचे लक्षात येताच पेशी एक प्रथिन बाहेर सोडतात. ते आजूबाजूच्या पेशींपर्यंत पोहोचते आणि त्यांना सावध करते. या प्रथिनाचे नाव इंटरफेरॉन.

हिपॅटायटिस सी या आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली जात. ती घेतलेल्या रुग्णांना याचा अनुभव आहे. फ्लूचा विषाणू अंगात नसतानाही त्यांना फ्लूसारखाच ताप यायचा, सांधे दुखायचे, गळून गेल्यासारखे वाटायचे. नुसता निरोप मिळाला तरी शरीर लढाईच्या पवित्र्यात जात होते.

हाच निरोप माशांच्या शरीरातही फिरतो. बाजारातल्या रोहूच्या, तळ्यातल्या जिताड्याच्या आणि काचेच्या पेटीतल्या इवल्याशा शोभेच्या माशाच्याही. तो मिळाल्यावर माशाच्या पेशींमध्ये नेमके काय बदलते, याचा हिशेब गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी हाती आला आहे. माशाचा हा हिशेब माणसाच्या हिशेबाशेजारी ठेवला की आपल्या प्रतिकारशक्तीचा पाया किती जुना आहे, हे कळते. मत्स्यशेतीत तळेच्या तळे रिकामे करणाऱ्या विषाणूंशी कसे लढायचे, याचा धागाही तिथेच सापडतो.

कोंबडीच्या अंड्यातला शोध

इंटरफेरॉनची गोष्ट सुरू होते १९५७ साली, लंडनमध्ये. ॲलिक आयझॅक्स हे स्कॉटिश शास्त्रज्ञ आणि त्यांच्याकडे आलेले तरुण स्विस संशोधक जाँ लिंडेनमान यांना एक जुने कोडे सोडवायचे होते. एका विषाणूची लागण झालेल्या पेशींना दुसऱ्या विषाणूची लागण सहसा होत नाही, ती का? त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले आणि उष्णता देऊन निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूबरोबर ठेवले. नंतर भोवतालचा द्रव त्यांनी ताज्या तुकड्यांवर घातला आणि त्यांच्यावर जिवंत विषाणू सोडला. ताज्या तुकड्यांना लागण होईना. पेशींनी द्रवात काहीतरी सोडले होते आणि ते विषाणूच्या कामात अडथळा आणत होते. अडथळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच ‘इंटरफेरॉन’ हे नाव पडले. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा या संशोधकांनाही त्याआधी १९५४ साली सशांवरील प्रयोगात असाच विषाणूरोधक घटक आढळला होता.

माशांच्या पेशीही असा काही पदार्थ सोडतात, हे १९६० च्या दशकातच दिसले. पण त्याचे जनुक हाती यायला २००३ साल उजाडले. त्या वर्षी झेब्राफिश, अटलांटिक सॅमन आणि फुगा मासा यांच्या इंटरफेरॉनची जनुके वेगवेगळ्या गटांनी शोधून काढली. इतका उशीर होण्याचे कारण सोपे होते. माणसाच्या इंटरफेरॉनशी माशाच्या इंटरफेरॉनचे साम्य अगदीच कमी आहे. निरोप्या तोच, काम तेच. पण चेहरा इतका बदललेला की ओळख पटणे कठीण.

कोसी नदीतला मासा, बार्शीचा आजार

या शोधात सर्वाधिक उपयोगी पडलेला मासा मूळचा आपल्याकडचा आहे. झेब्राफिश हा जेमतेम चार सेंटिमीटरचा, अंगावर निळसर पट्टे असलेला मासा भारतीय उपखंडातल्या ओढ्यांत, ओहोळांत आणि भातखाचरांत राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरील १८२२ सालच्या ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन केले. कोसी नदीत त्यांना तो आढळला होता. पुढे दीडशे वर्षांनी अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. २०१३ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक तरी नातेवाईक जनुक असल्याचे दिसले.

प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला त्याची पिल्ले विशेष सोयीची. अंड्यातून बाहेर आल्यावर काही दिवस ती जवळजवळ पारदर्शक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारे हृदय, यकृत आणि रक्तातून धावणाऱ्या पांढऱ्या पेशीसुद्धा जिवंतपणी दिसतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लशीमुळे तयार होते तशी विशिष्ट रोगाची आठवण ठेवणारी प्रतिकारशक्ती या पिल्लांमध्ये पहिले काही आठवडे तयारच झालेली नसते. त्यामुळे या वयात विषाणूशी जी लढाई होते, ती फक्त जन्मजात प्रतिकारशक्तीच्या जोरावर. इंटरफेरॉन एकटे काय करते, हे बघायला याहून चांगली जागा नाही.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी या पिल्लांना लागण करण्यासाठी जो विषाणू निवडला, त्याचे नाव महाराष्ट्राला चांगलेच परिचयाचे आहे. तो म्हणजे चिकुनगुनिया. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत या आजाराची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा आजार देशात जवळपास विस्मरणात गेला आणि २००५-०६ मध्ये अचानक परतला. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. सांधे आखडून वाकून चालणारी माणसे त्या वर्षी अनेक गावांनी पाहिली. हा विषाणू इंटरफेरॉनला जोरदार चिथावणी देतो, म्हणूनच तो या प्रयोगासाठी सोयीचा होता.

२०१३ साली या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विषाणू एका रंगाने आणि इंटरफेरॉन बनवणाऱ्या पेशी दुसऱ्या रंगाने चमकतील अशी व्यवस्था केली होती. सगळ्या शरीरातली लढाई जिवंत पिल्लात डोळ्यांनी पाहता आली. इंटरफेरॉन मुख्यतः दोन ठिकाणांहून येत होते. एक यकृताच्या पेशी आणि दुसऱ्या न्यूट्रोफिल. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी म्हणजे जखमेत, पुवात सर्वांत आधी धावून जाणारे शिपाई. जिवाणूंना गिळणे हे त्यांचे मुख्य काम मानले जाते. इथे मात्र त्या विषाणूविरुद्धचा निरोप पसरवत होत्या. त्यांची संख्या मुद्दाम कमी केली, तेव्हा पिल्लांची प्रकृती अधिक बिघडली.

एरवी बहुतेक पिल्ले या लागणीतून सावरत. ज्यांच्या पेशींना इंटरफेरॉनचा निरोप ऐकूच येणार नाही अशी तजवीज केली होती, ती पिल्ले मात्र मरून गेली. विषाणू तोच, मासा तोच. फरक एका निरोपाचा.

निरोप पोहोचल्यावर

पेशीला निरोप मिळाला म्हणजे नक्की काय होते? प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या रूपात पाककृतींचे एक जाडजूड पुस्तक असते. शरीरातल्या बहुतेक पेशींकडे पुस्तक सारखेच. पण यकृताची पेशी काही पाने उघडते, स्नायूची पेशी वेगळीच. मूळ पुस्तक केंद्रकाबाहेर जात नाही. हवी ती पाककृती आरएनएच्या चिठ्ठीवर उतरवून घेतली जाते, ती चिठ्ठी बाहेर पाठवली जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. एखादे जनुक ‘सक्रिय झाले’ याचा अर्थ इतकाच की त्या पानाच्या चिठ्ठ्या भराभर निघू लागल्या.

इंटरफेरॉन स्वतः पेशीच्या आत जाऊन हे पान उघडत नाही. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर त्याच्यासाठी खास ग्राहक प्रथिने असतात. कुलपात किल्ली बसावी तसे इंटरफेरॉन तिथे बसते. त्याबरोबर आतल्या बाजूला चिकटलेली ‘जॅक’ नावाची विकरे जागी होतात. ती ‘स्टॅट’ नावाच्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण करतात. खूण झालेली दोन स्टॅट प्रथिने आणि त्यांचा एक जोडीदार असे त्रिकूट केंद्रकात शिरते, डीएनएवरची ठरावीक अक्षरे शोधते आणि तिथे बसते. ती अक्षरे ज्या ज्या जनुकांच्या आधी आहेत, ती सगळी जनुके वाचली जाऊ लागतात. एका निरोपाने शेकडो पाने एकदम उघडतात, ती अशी. आणि हे सारे काही तासांत घडते.

माशाच्या पेशीतही हीच साखळी आहे. जॅक आहेत, स्टॅट आहेत, त्यांचा जोडीदारही आहे. सॅमन माशांवर काम करणाऱ्या नॉर्वेतल्या संशोधकांना हे पेशींच्या पातळीवर तपासता आले. माशांना हाडांतला मगज नसतो. त्यांच्या रक्तपेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात तयार होतात. सॅमनच्या या भागातून काढलेल्या प्रतिकारपेशींचे वाण प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवले जातात. त्यांच्यावर इंटरफेरॉन घातले की विषाणूविरोधी जनुकांच्या चिठ्ठ्या झपाट्याने वाढतात आणि नंतर सोडलेल्या विषाणूला तिथे नीट वाढता येत नाही.

इंटरफेरॉनचा आणखी एक प्रकार आहे, गॅमा. तो काही खास पांढऱ्या पेशीच बनवतात. तो मिळाला की प्रतिकारपेशी शत्रूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून इतर पेशींना दाखवण्याची यंत्रणा वाढवतात. सॅमनच्या पेशींवरील प्रयोगात असे दिसले की, गॅमाची विषाणू रोखण्याची ताकद काही अंशी पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनवरच अवलंबून असते. दोन्ही निरोप एकमेकांना पूरक ठरतात.

चिठ्ठ्यांची मोजदाद

नेमकी किती पाने उघडतात? याचे सविस्तर उत्तर २०१९ साली मिळाले. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील जाँ-पियेर लेव्हरो आणि फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेतील पियेर बुदिनो यांच्या गटांनी झेब्राफिशच्या पिल्लांमधल्या आरएनएच्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून वाचल्या आणि मोजल्या. काही पिल्लांना झेब्राफिशचेच इंटरफेरॉन टोचले होते, तर काहींना चिकुनगुनियाची लागण केली होती. विषाणू शिरला की पेशीत अनेक प्रकारची उलथापालथ होते, ती सगळी इंटरफेरॉनमुळे नसते. म्हणून निरोप ऐकू न येणाऱ्या पिल्लांशी तुलना करून फक्त इंटरफेरॉनच्या हुकमावर चालणारी जनुके वेगळी काढण्यात आली.

ती चारशेहून अधिक भरली. मग या यादीची तुलना माणसाच्या यादीशी झाली. माशात आणि माणसात, दोन्हीकडे इंटरफेरॉनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांचे ७२ गट सापडले. अस्थिमत्स्य आणि चार पायांचे प्राणी यांचा समाईक पूर्वज सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा जमिनीवर पाठीचा कणा असलेला एकही प्राणी नव्हता. म्हणजे हे ७२ गट तेव्हापासून सांभाळलेली वारसाहक्काची पुंजी आहे. निरोप घेणारी, पुढे पोहोचवणारी आणि केंद्रकात नेणारी बहुतेक सगळी यंत्रणा या पुंजीत आहे.

पण यादीची दुसरी बाजूही तितकीच बोलकी होती. प्रथिने बनवणाऱ्या ज्या जनुकांना झेब्राफिशमध्ये इंटरफेरॉन जागे करते, त्यांपैकी सुमारे ४० टक्के जनुकांना माणसात जोडीदारच नाही. केवळ माशांमध्ये आढळणारी अशी १४ कुटुंबे सापडली आणि त्यांतल्या काहींचा विस्तार मोठा आहे. काही शस्त्रांचा मूळ नमुना समाईक होता. पण माशांनी त्याच्या आपल्या परीने प्रती काढल्या आणि आपल्या पूर्वजांनी आपल्या परीने.

घंटा जुनी आणि शस्त्रे स्थानिक, असा याचा अर्थ. शत्रूशी थेट भिडणारी प्रथिने विषाणूबरोबर सतत बदलावी लागतात. विषाणूने ढाल बदलली की बाण बदलणे आले. घंटा मात्र तीच राहिली तरी चालते, उलट ती तीच राहिलेली बरी. माशावरील प्रयोगातून माणसाबद्दल काय म्हणता येईल आणि काय नाही, याची रेषही इथेच आखली जाते. धोक्याचा इशारा कसा चालतो हे मासा भरवशाने सांगू शकतो. एखादे विशिष्ट शस्त्र माणसात तसेच चालेल का, हे मात्र वेगळे तपासावे लागते.

ट्राउटमध्ये दिसलेले जनुक

काही शस्त्रे मात्र दोन्हीकडे इतकी सारखी आहेत की आश्चर्य वाटावे. १९९९ साली फ्रान्समध्ये बुदिनो आणि त्यांचे सहकारी रेनबो ट्राउट माशावर काम करत होते. युरोपातल्या ट्राउटपालनाला रक्तस्रावी सेप्टिसेमियाच्या विषाणूने हैराण केले होते. या विषाणूची चाहूल लागताच माशात एक अनोळखी जनुक जोमाने जागे होताना त्यांना दिसले. शोध घेतल्यावर तसेच जनुक माणसातही सापडले आणि तेही विषाणूमुळेच जागे होणारे. आज ते ‘व्हायपेरिन’ या नावाने ओळखले जाते.

व्हायपेरिन नेमके काय करते, हे कळायला आणखी जवळजवळ वीस वर्षे लागली. २०१८ साली न्यूयॉर्कमधील अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उलगडले. विषाणूला स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढायच्या असतात. त्यासाठी तो पेशीतलेच कच्चे मणी एकेक करून ओवत जातो. व्हायपेरिन त्यातल्या एका प्रकारच्या मण्यात किंचित बदल करते. दिसायला मणी तोच; पण तो एकदा माळेत ओवला गेला की त्याच्यापुढे दुसरा मणी बसत नाही. माळ अर्धवट राहते आणि विषाणूची प्रत पुरी होत नाही. काही विषाणूरोधक औषधे याच युक्तीवर चालतात. ती युक्ती पेशींना फार पूर्वीपासून अवगत होती.

घंटा बंद करणारेही हवेत

इंटरफेरॉन इतके कामाचे असेल तर ते सतत चालू का नाही? उत्तर तापाच्या पहिल्या दिवसातच आहे. लढाईच्या पवित्र्यात असलेली पेशी आपली रोजची कामे बाजूला ठेवते. काही जनुके जागी होतात तशी काही मंदावतात. प्रथिने बनवण्याचा वेग कमी केला जातो, कारण तो वेग विषाणूच्याही कामी येतो. हे फार काळ चालले तर शरीराचेच नुकसान होते. म्हणून इंटरफेरॉन ज्या शेकडो जनुकांना जागे करते, त्यांत स्वतःचाच आवाज दाबणारी जनुकेही असतात. त्यांची प्रथिने कुलूप अडवतात, साखळी तोडतात. घंटा वाजवणाऱ्यानेच ती बंद करणाऱ्याला सोबत बोलावून आणलेले असते. हा बंदोबस्तही माशांत आणि माणसांत सारखाच आढळतो.

विषाणूंनाही हे ठाऊक असल्यासारखे ते वागतात. चिकुनगुनियाचा विषाणू आपल्या एका प्रथिनाच्या मदतीने स्टॅटच्या कामात खोडा घालतो आणि सस्तन प्राण्यांच्या पेशीत जनुकांचे वाचनच थांबवायला बघतो. घंटा वाजली तरी पाने उघडू नयेत, हा त्याचा डाव.

हा निरोप वेळेत पोहोचणे किती मोलाचे आहे, हे कोविडने दाखवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात कोविडमुळे मरणाच्या दारात पोहोचलेल्या ९८७ रुग्णांचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. ज्यांना लागण होऊनही लक्षणे नव्हती किंवा अगदी सौम्य होती, अशा ६६३ जणांत ती एकातही नव्हती. निरोप ऐकू न येणाऱ्या झेब्राफिशच्या पिल्लांचे जे झाले, त्याचीच ही माणसातली आवृत्ती म्हणता येईल.

तळ्यातला प्रश्न

आता या ज्ञानाचा उपयोग खुद्द माशांना किती, हा प्रश्न उरतो. तो लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात पहिल्यांदाच मासेमारीपेक्षा मत्स्यपालनातून अधिक जलचर प्राणी मिळाले. दाटीवाटीने पाळलेल्या माशांत विषाणू शिरला की तो वणव्यासारखा पसरतो. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. औषधाची बाटली पाण्यात ओतून हा प्रश्न सुटत नाही.

सॅमनमधील संसर्गजन्य रक्तक्षय हा विषाणूजन्य रोग १९८४ साली प्रथम नॉर्वेत नोंदला गेला आणि २००७ पासून त्याने चिलीमधला सॅमन उद्योग खिळखिळा केला. (आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण तो वेगळ्या कुळातला मासा.) भारतातही असे पाहुणे येऊन थडकले आहेत. उजनीच्या काठावर भिगवणच्या बाजारात ‘चिलापी’ या नावाने विकला जाणारा तिलापिया आज जगभर पाळला जातो. २०१४ साली इस्रायलमध्ये त्याच्या एका नव्या विषाणूची ओळख पटली आणि २०१८ साली पश्चिम बंगाल व केरळमधील तिलापियातही तो आढळल्याचे जाहीर झाले. रायगडकरांच्या आवडत्या जिताड्याच्या पिल्लांना नोडाव्हायरसचा धोका असतो. तो मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्यावर हल्ला करतो, पिल्ले गोल गोल फिरत मरतात. या विषाणूविरुद्ध चेन्नईतील केंद्रीय निमखारे जलजीव पालन संशोधन संस्थेने लस विकसित केली आहे.

इंटरफेरॉनचा संबंध या लशींशी येतो. ट्राउट आणि सॅमनसाठी असलेल्या काही लशींत विषाणूच्या एका प्रथिनाचे जनुकच माशाच्या स्नायूत टोचले जाते. अशी एक लस कॅनडात २००५ साली, तर दुसरी युरोपीय संघात २०१७ साली मंजूर झाली. पहिल्या प्रकारच्या लशीचा अभ्यास करताना एक गंमत लक्षात आली. लस टोचल्यावर काही दिवसांतच, विशिष्ट प्रतिकारशक्ती तयार होण्याआधीच, मासा सुरक्षित होतो आणि काही काळ तो इतर विषाणूंनाही दाद देत नाही. ही सुरुवातीची ढाल इंटरफेरॉनने जागवलेल्या जनुकांची असते. ती ओसरेपर्यंत लशीची खरी, नेमकी प्रतिकारशक्ती उभी राहते.

मग इंटरफेरॉनचेच जनुक टोचले तर? नॉर्वेतल्या ट्रोम्सो विद्यापीठातील बोर्रे रोबर्टसेन यांच्या गटाने २०१४ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. सॅमनमध्ये इंटरफेरॉनचे अनेक उपप्रकार आहेत. त्यांतल्या ‘सी’ प्रकाराचे जनुक स्नायूत टोचल्यावर दूरच्या अवयवांतही विषाणूविरोधी जनुके जागी झाली आणि काही आठवड्यांनी संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू दिला तेव्हा माशांना चांगले संरक्षण मिळाले. ‘ए’ प्रकाराला हे साधले नाही. पुढे इंटरफेरॉनचे जनुक लशीसोबत दिले तर लशीचा परिणाम वाढतो, असेही दिसले. अर्थात प्रत्येक मासा हातात धरून सुई टोचणे महागड्या सॅमनला परवडते. शेततळ्यातल्या रोहू-कटल्याच्या हजारो बोटुकल्यांना ते जमणे कठीण.

दुसरा एक धडा मात्र फुकट आहे. माशांचे रक्त थंड, त्यामुळे त्यांना आपल्यासारखा ताप येत नाही. पण विषाणूची लागण झाली की ते आपणहून उबदार पाण्याकडे सरकतात. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या गटाने २०१७ साली कार्प माशांना २४, २८ आणि ३२ अंश तापमानाचे तीन कप्पे उपलब्ध करून दिले. नागीण वर्गातल्या घातक विषाणूची लागण झालेले मासे ३२ अंशांच्या कप्प्यात गेले आणि बचावले. ज्यांना २४ अंशांतच कोंडले होते, ते मेले. झेब्राफिशवरील आधीच्या एका अभ्यासात, विषाणू आल्याचा खोटा इशारा मिळालेले मासे उबदार पाण्यात गेल्यावर विषाणूविरोधी जनुकांचा प्रतिसाद वाढतो, असे दिसले होते. सगळीकडे सारख्याच तापमानाच्या टाकीत किंवा पिंजऱ्यात वाढणाऱ्या माशाला मात्र जायला दुसरी जागाच नसते. पाण्यातल्या उबेची निवड हीदेखील त्याच्या प्रतिकारशक्तीचा भाग आहे, हे पाळणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे.

पुढच्या वेळी ‘व्हायरल’ने अंग ठणकायला लागले आणि पांघरूण ओढून पडून राहावेसे वाटले, तर त्या दुखण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहता येईल. शरीरातल्या असंख्य पेशींनी रोजचे काम थांबवून आपल्या जाड पुस्तकातली काही फार जुनी पाने उघडलेली असतात. तीच पाने त्या क्षणी कुठल्या तरी तळ्यात, उन्हाने तापलेल्या उथळ पाण्याकडे सरकणारा एखादा आजारी मासाही उघडत असतो.